सीलबंद हवा

काटेसाहेबांना मापात फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. हे त्यांचं स्वतःचंच मत होतं आणि ते त्यांनी कोणापासून लपवून ठेवलं नव्हतं. वजनमापे खात्यात त्यांची उभी हयात गेली. तागडीच्या बुडाला चिकटवलेला मेणाचा गोळा, पेट्रोल पंपावरचा उतावळा आकडा, दुहेरी बुडाचं दुधाचं माप, असलं सगळं त्यांनी नुसत्या वासावर पकडलं होतं. निवृत्त झाले तरी सुंभ जळला, पीळ कायम. न्हाव्याकडे गेले तरी खुर्चीत बसण्याआधी ते भिंतीवरचं घड्याळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघत.

काटेसाहेब हे नाव गल्लीने दिलेलं, तराजूच्या काट्यावरून. त्यांच्या बायकोला सगळे मावशी म्हणत. साहेबांचा काटा घराबाहेर चालतो आणि घरात मावशीचा, हेही गल्लीला माहीत होतं.

तर या काटेसाहेबांनी निवृत्तीनंतर एक कॅरव्हान घेतली. म्हणजे मोटारीमागे जोडून ओढायची दोन चाकांची खोली. आत दोन बाकं, रात्री त्यांचाच पलंग होतो. घडीचं टेबल, एका बर्नरची शेगडी आणि माणूस उभा राहिला तर टाळू घासेल असं छप्पर. जुनी होती, पण साहेबांनी ती धुऊन, रंगवून लखलखीत केली. अडचण एकच होती. ती अंगणात नेमकी कपडे वाळत घालायच्या दोरीखाली उभी होती.

"ओल्या चादरी काय आता तुमच्या डोक्यावर वाळत घालू?" मावशीने पहिले काही दिवस हे प्रेमाने विचारलं. नंतर प्रेम आटलं. शेवटी एका सकाळी ओली चादर कॅरव्हानच्या छपरावरून ओढताना फाटली आणि मावशीने निकाल दिला.

"येत्या रविवारी भाऊकडे जाऊ या. ही तुमची खोली धडपणे, आपल्या चाकांवर त्याच्या अंगणात पोचली, तर राहू दे. मी दोरी दुसरीकडे बांधीन. नाही पोचली, तर तिथेच सोडून यायची. त्याला कोंबड्यांसाठी खुराडं हवंच आहे."

मावशीचा धाकटा भाऊ कोंबड्या पाळायचा. कॅरव्हान घेतल्याचं कळल्यापासून त्याने फोनवर दोनदा तिची लांबी-रुंदी विचारली होती. भावोजींच्या छंदात त्याला एवढा रस का, हे साहेबांना आता उमगलं.

"मंजूर," काटेसाहेब म्हणाले. "माझ्या देखरेखीखाली असलेली वस्तू आजवर कधी बिघडलेली नाही."

कॅरव्हानचा जीव चाकांत आणि चाकांचा जीव हवेत, हे साहेबांनी वाचलं होतं. खिशातल्या मापकाने अधूनमधून हवा बघावी, एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. साहेबांना मात्र काटा डोळ्यांसमोर लागतो. त्यांनी पितळेच्या दोन डायली आणल्या, चांगल्या लिंबाएवढ्या जाड, आणि दोन्ही चाकांच्या व्हॉल्व्हवर कायमच्या बसवून टाकल्या. टायरच्या रिममधून बाहेर येणारी रबराची ती एवढीशी नळी आणि तिच्या टोकाला हा पितळी दागिना. दोन आरसे असे लावले, की स्वयंपाकघराच्या खिडकीतून चहा पिताना दोन्ही काटे दिसावेत.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांना दिसलं, की उजवा काटा जागेवर आहे आणि डावा खाली आलाय.

त्यांनी हवा भरली. तिसऱ्या दिवशी काटा परत खाली. साहेबांनी कपबशी खिडकीत ठेवली, चाक काढलं, डायल उतरवून खिशात टाकली आणि तडक पंक्चरवाला गाठला. पंक्चरवाल्याने टायर टम्म भरून पाण्याच्या टाकीत बुडवला, हळूहळू फिरवला. एक बुडबुडा येईल तर शपथ.

"टायर एकदम ठणठणीत आहे साहेब."

"मग हवा जाते कुठे?"

पंक्चरवाल्याने हात पुसले. पंक्चर सापडलं नाही की तो माणसांवर घसरायचा. "जाते कशाला? कोणीतरी सोडतंय. तुमच्यावर कोणाचा राग-बिग आहे का?"

काटेसाहेबांना हे लगेच पटलं. ज्याने जन्मभर लोकांचे परवाने अडकवले, त्याला राग धरणाऱ्यांची वानवा कुठून असणार? त्यांनी घरी येऊन चाक बसवलं, डायल चढवली, हवा भरली आणि कुंपणापलीकडे नजर टाकली. पलीकडे शेजारचे मास्तर रोपांना पाणी घालत होते. कॅरव्हान आल्यापासून आपल्या मिरच्यांवर सावली पडते, असं मास्तर जाता-येता म्हणत असत. हेतू सापडला की अर्धा तपास झाला, हे साहेबांचं जुनं सूत्र होतं.

सकाळी काटा खाली दिसताच ते कुंपणाशी गेले.

"मास्तर, मिरच्यांचा राग माझ्यावर काढा. टायरवर काढू नका."

"काय झालं?"

"माझ्या डाव्या चाकातली हवा रोज जाते."

मास्तरांनी झारी खाली ठेवली. "साहेब, तुमची हवा नेऊन मी ठेवणार कुठे? माझं घर दोन खोल्यांचं."

या उत्तरात साहेबांना उर्मटपणा दिसला आणि उर्मटपणा म्हणजे निम्मी कबुली. त्यांनी मग ठेवणीतलं हत्यार बाहेर काढलं. निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना एक जुनी पक्कड भेट दिली होती, तारेला शिशाचं सील मारायची. दाबली की शिशावर छोटासा तराजू उमटायचा. ही पक्कड कपाटात चादरींच्या मागे असायची. साहेबांनी डाव्या चाकात हवा भरली, डायल घट्ट फिरवली, डायलीपासून नळीपर्यंत तार गुंडाळली आणि शिशाची गोळी अडकवून पक्कड दाबली. तराजू सुरेख उमटला. आता डायलीला हात लावायचा तर तार तोडावी लागणार आणि तार तोडली की चोर पकडला गेलाच म्हणून समजा. त्या संध्याकाळी ते फिरायला गेले तेव्हा चालण्यात जुनी ऐट होती.

सकाळी सील शाबूत होतं. तार शाबूत होती. तराजू जसाच्या तसा. आणि काटा आदल्या दिवशीपेक्षा जास्त खाली!

साहेब चाकापुढे उकिडवे बसले. पोत्याचं तोंड शिवलेलं आणि आतलं धान्य गायब, असला प्रकार त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. तरी उपाय त्यांना एकच येत होता. त्यांनी तार जाड घेतली, तिचे वेढे वाढवले आणि एकाच्या जागी शिशाच्या मोठ्या दोन गोळ्या अडकवल्या. व्हॉल्व्हची ती बिचारी रबरी नळी आता दागिने लादलेल्या नवरीसारखी खाली मान घालून उभी होती. साहेबांचं लक्ष मानेकडे नव्हतं, शिक्क्याकडे होतं. त्या दिवशी काटा दुपारीच खाली आला.

"अहो, राहू द्या ना ते सील," मावशी खिडकीतून म्हणाली. "नुसती हवा भरा आणि गप्प बसा."

"तुला काय कळतंय त्यातलं?" साहेब म्हणाले. मावशीने खिडकी लावून घेतली.

शुक्रवारी मात्र कहर झाला. साहेब संध्याकाळचं फिरून परत आले, सवयीने आरशात पाहिलं आणि चष्मा काढून पुसला. काटा वर होता. हवा होती तेवढी नव्हे, हवी त्याहून थोडी जास्तच! त्यांनी धावत जाऊन सील पाहिलं. सील होतं, दोन्ही गोळ्या होत्या, पण त्यांच्यावरचा तराजू उलटा होता, पारडी वर आणि दांडी खाली.

ते तसेच कुंपणाशी गेले.

"मास्तर, हवा परत आणून ठेवली म्हणून गुन्हा कमी होत नाही."

मास्तरांनी या वेळी झारी खाली ठेवली नाही. "साहेब, कालपर्यंत मी चोर होतो. आज मी दाता झालो. उद्या काय करू ते आत्ताच सांगून ठेवा."

"माझ्या सीलसारखं सील मारलंय कोणीतरी."

"मग ज्याच्याकडे तुमची पक्कड आहे त्याला विचारा की. मला कशाला?"

पक्कड कपाटात चादरींच्या मागे होती आणि ती तिथे असते हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यांतले एक ते स्वतः.

ते घरात गेले, कपाट उघडलं. पक्कड जागेवर होती, पण तिचं तोंड भिंतीकडे होतं. ते नेहमी दाराकडे ठेवत. पायाने मारायचा पंप कोपऱ्यातून हलला होता आणि त्याच्या बुडाला अंगणातली माती लागली होती. साहेबांच्या डोक्यात सगळं प्रकरण फटाफट जुळून आलं. मावशीला दोरी मोकळी हवी होती. मावशीनेच रविवारची अट घातली. रोज हवा सोडत होती ती मावशी. आज भरली कशाला? त्याचंही उत्तर त्यांच्या अनुभवात तयार होतं. तपासणी जवळ आली की चोर दुकानदार माप सांडेस्तोवर भरतो. जास्त माप म्हणजे चोरीची पावती, हे ते नवीन निरीक्षकांना पहिल्याच दिवशी शिकवत असत.

रात्री जेवताना ते काही बोलले नाहीत. मावशीने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का? ते नुसतं 'ठीक आहे' म्हणाले. खरं तर त्यांना फार वाईट वाटत होतं. खोली जाईल त्याचं होतंच, पण त्याहून जास्त याचं, की हिने सरळ सांगितलं असतं, मला नको ही कटकट, तर आपण कुरकुरत का होईना, विकून टाकली असती. चोरी कशाला करायची घरातल्या घरात?

शनिवारचा दिवसही मुका गेला. संध्याकाळी साहेब फिरायला गेले नाहीत, अंगणात खुर्ची टाकून चाकाजवळ बसले. मावशी दोनदा दारापर्यंत येऊन परत गेली. साहेबांनी ते नीट पाहिलं आणि मनात नोंदवलं. काटा तेवढा त्यांच्या डोळ्यांदेखत हळूहळू उतरत होता, आणि समोर तर कोणीच नव्हतं. पण एकदा आरोपी नक्की झाला, की असल्या बारीकसारीक गोष्टींकडे कोण बघतो? अंधार पडायच्या आधी त्यांनी स्वतः हवा भरली, नवं सील मारलं आणि पक्कड खिशात घालून झोपले.

रविवारी सकाळी पुन्हा हवा भरून, सील मारून दोघं निघाले. साहेब गाडी चालवत होते, मावशी डावीकडे बसली होती. मागे कॅरव्हान डुलत येत होती. मावशी सारखी बाजूच्या आरशात बघत होती.

"आरशात काय बघतेस?"

"काही नाही. रस्ता."

"रस्ता पुढे असतो."

थोड्या वेळाने पेट्रोल पंप लागला. "इथे जरा थांबू या का?" मावशी म्हणाली.

"कशाला?"

"पाय मोकळे करायला."

साहेबांनी वेग वाढवला. पुढच्या पंपाशी मावशी म्हणाली, तहान लागलीय. साहेबांनी एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसऱ्याने पाण्याची बाटली पुढे केली. तिला उतरू द्यायचं नाही, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं. उतरली की उरलेली हवा गेली.

मेहुण्याचं घर दिसायला लागलं तेव्हा साहेबांनी हळूच छाती फुगवली. फाटक उघडं होतं. मेहुणा दारातच मोजपट्टी घेऊन उभा होता. गाडी आत शिरली, कॅरव्हानचं तोंड आत शिरलं आणि मागून फडफड, फडफड असा आवाज आला. मग खर्रकन लोखंड दगडावर घासलं आणि सगळी खोली डावीकडे कलून फाटकाच्या खांबाला टेकली. अर्धी आत, अर्धी बाहेर. डावा टायर रिमखाली चपटा पडला होता.

मेहुण्याने मोजपट्टी मागे लपवली, पण उशिरा. "भावोजी, या या," तो म्हणाला. "दार याच बाजूला आहे ना? बरं झालं. सकाळचं ऊन लागेल कोंबड्यांना."

साहेब गाडीतून उतरले. दोन दिवसांचं गप्प राहणं आता त्यांना आवरेना.

"झालं समाधान?" ते मावशीला म्हणाले. "रोज थोडी थोडी हवा सोडत होतीस ना? घे. गेली सगळी."

मावशी गाडीच्या दाराला धरून उभी राहिली. "मी? हवा सोडत होते?"

"पक्कड कोणी हलवली? पंप कोणी हलवला? शिक्का उलटा कोणी मारला?"

"मी," मावशी म्हणाली. "तुम्ही फिरायला गेलात तेव्हा मी हवा भरली. घामाघूम झाले. ते तारेचं जंजाळ तोडताना माझा अंगठा सोलला, हा बघा. नवी तार बांधली, सील मारलं. उलटं पडलं असेल, मला काय खात्याची परीक्षा द्यायचीय?"

"भरली? पण का?"

मावशीने कॅरव्हानचं कललेलं दार खेचून उघडलं, बाकाखाली हात घातला आणि एक गाठोडं काढून साहेबांच्या हातात दिलं. आत पडदे होते. त्या चार वितींच्या खिडक्यांना बरोबर बसतील असे, निळ्या काठाचे, घरी मशीनवर शिवलेले. कापड कुठलं ते साहेबांनी लगेच ओळखलं. छपरावर फाटलेली ती चादर.

"रागात बोलले मी कोंबड्यांचं," मावशी म्हणाली. "मग वाटलं, खरंच नाही पोचली तर? मला जायचं होतं हो तुमच्याबरोबर. इतकी वर्षं झाली संसाराला. एकदा मला विचारायचं तरी."

साहेबांनी पडदे जपून गाडीत ठेवले. मग ते मेहुण्याला म्हणाले, "पाना आण."

चाक निघालं. कोंबड्यांना पाणी प्यायला अंगणात सिमेंटचं मोठं टाकं होतं. मेहुण्याने टायरमध्ये हवा भरली, साहेबांनी डायल लावली, तारेसकट, शिशासकट, आणि दोघांनी चाक पाण्यात उतरवलं. व्हॉल्व्हच्या बुडाशी, जिथे ती रबरी नळी दागिन्यांच्या ओझ्याने वाकली होती, तिथून बुडबुड्यांची रांगच्या रांग निघाली. एक कोंबडी टाक्याच्या काठावर येऊन मान वाकडी करून ती रांग बघायला लागली.

"हे बघा, सापडलं," मेहुणा म्हणाला.

"थांब," साहेब म्हणाले. त्यांनी सील तोडलं, तार काढली, डायल उतरवली. नळी सरळ झाली आणि बुडबुडे थांबले. डायल चढवली, नळी वाकली, बुडबुडे सुरू. उतरवली, बंद. साहेबांनी चारदा करून पाहिलं. पाचव्यांदा करायला गेले तेव्हा मावशीने त्यांच्या हातातून डायल काढून घेतली.

रबर जुनं होतं. बुडाशी केसाएवढी चीर पडली होती. वजन लटकलं की ती उघडायची, वजन काढलं की मिटायची. उजव्या चाकाची नळी मागच्या मालकाने बदललेली, म्हणून तिने ओझं सोसलं. पंक्चरवाल्याला बुडबुडा दिसला नाही, कारण डायल तेव्हा साहेबांच्या खिशात होती. चोर पकडायला बसवलेलं यंत्रच हवा सोडत होतं आणि जितका पहारा वाढला तितकी गळती वाढली. कुंपणच शेत खात होतं आणि कुंपणावर शिक्का साहेबांचा होता.

काटेसाहेबांनी आयुष्यात कितीतरी जणांना रंगेहाथ पकडलं होतं. पकडलेला माणूस कुठे बघतो, हे त्यांना माहीत होतं. तो पायाच्या अंगठ्याकडे बघतो. त्यांनी तेच केलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "तुझंही नाव घेतलं, मास्तरांचंही घेतलं."

"मास्तरांना काय म्हणालात?" मावशीने विचारलं. साहेबांनी सांगितलं. मावशी आधी कपाळाला हात लावून बसली, मग हसायला लागली ती थांबेचना.

मेहुण्याने हे सगळं होऊ दिलं आणि हळूच विचारलं, "ताई, मग अटीचं काय? पोचली म्हणायची की नाही?"

मावशीने खोलीकडे पाहिलं. अर्धी आत होती, अर्धी बाहेर. "पुढचं अर्धं पोचलंय," ती म्हणाली. "दार त्याच अर्ध्यात आहे. म्हणजे पोचली."

रविवार असल्यामुळे नवी नळी काही मिळाली नाही. खोली फाटकातच अडकली, फाटक लागेना, आणि फाटक उघडं म्हटल्यावर राखण करणं आलं. तेव्हा साहेब आणि मावशी रात्री तिथेच झोपले, कललेल्या बाकांवर, नव्या पडद्यांच्या आत. ज्या कोंबड्या तिथे राहायला येणार होत्या त्यांची राखण करत. रात्रभर साहेब घसरून मावशीच्या अंगावर येत राहिले. तिने तक्रार केली नाही. सहल छान झाली, असं ती नंतर सगळ्यांना सांगत होती.

नवी नळी बसवून दोघं घरी परतले. कपड्यांची दोरी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि खोली थोडी पुढे सरकवल्यामुळे मास्तरांच्या मिरच्यांना ऊन मिळालं. साहेब माफी मागायला गेले तेव्हा मास्तर म्हणाले, "माझ्या सायकलची हवा हल्ली कमी होतेय, पण मी अजून कोणाचं नाव घेतलेलं नाही."

दोन्ही डायली आणि खिशातला मापक मावशीने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातले, डब्याला तार गुंडाळली आणि पक्कडीने सील मारलं. प्रवासाला निघण्याआधी हवा आता पंक्चरवाला बघतो, त्याच्या मापाने. साहेब तेवढा वेळ पाठ करून उभे राहतात.

डब्याचं सील मात्र ते रोज सकाळी चहाच्या आधी तपासतात. सवय ती सवयच. परवा मास्तरांनी कुंपणावरून हाक मारली, "काय साहेब, शाबूत?"

"शाबूत," काटेसाहेब म्हणाले. "शिक्का या वेळीही उलटाच पडलाय. पण चालेल."

'चालेल' हा शेरा त्यांनी उभ्या हयातीत पहिल्यांदाच दिला होता.